आधी भाकरी, मग होरेब

प्रिय मावशी,

प्रभूच्या नावात सलाम. मी राहुरी तालुक्यातली, वय ४९. स्टाफ नर्स म्हणून २६ वर्षं झाली. कोविडची दोन वर्षं वॉर्डात काढली. त्यानंतर आई अंथरुणाला खिळली, तिचं तीन वर्षं केलं, गेल्या पावसाळ्यात ती प्रभूकडे गेली. मुलीचं लग्न झालं, मुलगा पुण्याला नोकरीला आहे. मिस्टर ड्रायव्हर आहेत, स्वभावाने चांगले आहेत. म्हणजे तक्रार करावी असं काही नाही. पण सकाळी उठले की कशासाठी उठले ते कळत नाही. ड्यूटी करते, घरी येते, पडून राहते. रविवारी उपासनेला जाते, गाणी तोंडपाठ आहेत म्हणून म्हणते, पण आत काहीच हलत नाही. प्रार्थनेला बसले की दोन वाक्यांपुढे शब्द सुचत नाहीत. हॉलमध्ये वचनाचं कॅलेंडर आहे, त्यावर गरुडाचं चित्र आणि यशया ४०:३१, 'परमेश्वराची आशा धरून राहणारे नवीन शक्ती संपादन करतील; ते गरुडांप्रमाणे पंखांनी वर उडतील'. ते बघून मला चक्क राग येतो. पाळकसाहेब म्हणतात, महिला मंडळाची सेक्रेटरी हो, सेवेत पडलीस की उभारी येईल. मला वाटतं मी ढोंग करते आहे. माझा विश्वास गेला का, मावशी? आणि गेला असेल तर या वयात तो परत कसा आणायचा? आणि पुढे काय?

तुमची एक वाचक

*

लेकी, सलाम.

तुझ्या पत्रातला 'ढोंग' हा शब्द आधी खोडून टाक. ढोंगी माणसाला आपण ढोंग करतोय याचं दुःख होत नसतं. तुला रात्रंदिवस तेच खातंय. विश्वास खरंच गेला असता तर तू मला पत्र लिहिलं नसतंस. रविवारी सकाळी घरी झोपली असतीस आणि तुला काही वाटलंही नसतं. तू दमली आहेस. दमणं आणि विश्वासातून ढळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्या मंडळ्यांमधून आपण त्यांची फार गल्लत करतो. दमलेल्या माणसाला आपण वचनं सांगतो, आणि भरकटलेल्या माणसाला चहा देऊन घरी पाठवतो.

बायबलातलं पहिला राजे, अध्याय १९ काढ. तुला ती गोष्ट संडे स्कूलपासून माहीत आहे. तरीही एलीया संदेष्ट्याची नर्स असल्यासारखी वाच, म्हणजे तुला त्यातलं काहीतरी वेगळं दिसेल.

कर्मेल डोंगरावर या माणसाने बआल देवाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकट्याने उभं राहून स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिला. त्यानंतर पाऊस आला. म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम झालं होतं. आणि लगेच ईजबेल राणीचा एक निरोप येतो, तर हा जीव घेऊन पळत सुटतो. बैर-शेबाला आपल्या चाकराला सोडतो, एकटाच दिवसभर रानात चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे झाले, माझा अंत कर. मग तिथेच झोपून जातो.

आता पुढचं नीट बघ. देव त्याला काय म्हणतो? काहीच म्हणत नाही. तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही, काल एवढा अग्नी पाहिलास आणि आज हे काय, असंही नाही. दूत येतो, अंगाला हात लावतो, म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत परत येतो, परत हात लावतो, परत खायला घालतो. तेव्हा कुठे सांगतो की वाट लांबची आहे. ४० दिवस, ४० रात्री चालून तो होरेब डोंगरावर पोचतो, आणि 'एलीया, तू इथे काय करतोस?' हा प्रश्न देव तिथे विचारतो. त्याच्या आधी नाही.

झोप, भाकरी, परत झोप, परत भाकरी. वॉर्डातल्या भाषेत सांगायचं तर आधी पेशंट स्थिर केला, मग हिस्टरी घेतली. हा क्रम देवाने घातला आहे. तुझ्याकडून मात्र सगळे, आणि सगळ्यांत जास्त तू स्वतः, होरेबावरचं उत्तर आजच मागताहेत.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझे मिस्टर गेले तेव्हा मी नगरला शाळेत शिकवत होते. अकरा महिने मी योग्य ठिकाणी आमेन म्हटलं आणि आत काहीही नव्हतं. लोक भेटायला यायचे, वचनं सांगायचे, प्रार्थना करायचे. सगळी भली माणसं. त्यांचं मी मनावर घेतलं नाही, पण ते गेले की मला दार लावून घ्यावंसं वाटायचं. आमच्या गल्लीत एक म्हातारी राहायची, आमच्याच मंडळीतली, विधवा, कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणारी. ती रोज सातच्या सुमाराला यायची. हातात फडक्यात गुंडाळलेली एक बाजरीची भाकरी. फडकं वाफेने ओलसर झालेलं असायचं. भाकरीवर ठेचा, आणि ठेच्याच्या कडेला जाडं मीठ. मी खाईपर्यंत ती उंबऱ्यावर बसून राहायची आणि कोंबड्यांचं, पावसाचं, खळ्यावरच्या मुकादमाचं बोलायची. एकदाही तिने वचन सांगितलं नाही. मी भाकरी टाकून देऊ नये म्हणून बसते, हे मला नंतर कळलं.

चार-पाच महिने हे चाललं. एका संध्याकाळी मीच म्हणाले, आजी, आज प्रार्थना करा. तिला मोठी प्रार्थना येत नव्हती. तिने हात जोडले आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीपाशी आली आणि मला रडू फुटलं, अकरा महिन्यांत पहिल्यांदा. ही प्रार्थना मी हजारो वेळा म्हटली असेल. पण इतके दिवस देव रोज सातला माझ्या उंबऱ्यावर येत होता, हे मला त्या घडीला दिसलं. म्हणून सांगते, तुझ्यासाठी कोणीतरी भाकरी घेऊन येत असेल. तू ओळखत नसशील.

बहुतेक तू ती परतच पाठवत असशील. रागावू नकोस. मी नर्सिंग केलेल्या खूप जणींना जवळून पाहिलं आहे. तुम्हा बायकांना खाटेशेजारी उभं राहता येतं, खाटेवर पडता येत नाही. कोणी चहा करून दिला तर तुम्ही कप विसळायला उठता. पेत्राचं हेच झालं होतं. प्रभू पाय धुवायला बसला तर म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. त्यावर प्रभूचं उत्तर बरंच कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. २६ वर्षं तू दुसऱ्यांना धुतलंस, आईलाही तीन वर्षं धुतलंस. आता थोडे दिवस पाय पुढे कर.

महिला मंडळाचं सेक्रेटरीपद सध्या घेऊ नकोस. पाळकसाहेबांचा हेतू चांगला आहे, पण त्यांना नम्रपणे सांग, सहा महिने मी फक्त बसणार आहे. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. मिनिट्स लिहिणं आणि हंगामाच्या उपासनेची वर्गणी गोळा करणं याने कोणाला उभारी आलेली मी पाहिलेली नाही.

आणि एक गोष्ट तू पेशंटच्या नातेवाइकांना रोज सांगतेस, स्वतःला सांगितली नसशील. रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा, शुगर. ४९ वय आहे, पाळी जायचे दिवस आहेत, रात्रपाळ्या आहेत, याचाही परिणाम असतो. सकाळी उठावंसं न वाटणं महिनोन्‌महिने चाललं असेल तर ते नैराश्यही असू शकतं. त्याच्यावर उपचार आहेत, आणि गोळी घेणं म्हणजे प्रभूवरचा भरवसा सोडणं नव्हे. एलीयाला दुताने भाकरीच दिली होती. 'माझा अंत कर' असं जर कधी तुझ्याही मनात येत असेल तर त्याच दिवशी मिस्टरांना सांग आणि १४४१६ वर फोन कर. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हे मी चालता चालता सांगत नाहीये.

आता तुझ्या गरुडाकडे येते. तुझा राग मला पटला. ते वचन आपण कॅलेंडरवर छापून छापून गुळगुळीत केलंय. पण अध्याय ४० मधली २७ वी ओळ कोणी छापत नाही. त्यात इस्राएल म्हणतो आहे, माझा मार्ग परमेश्वरापासून गुप्त आहे, माझ्या न्यायाकडे माझ्या देवाचं लक्ष नाही. म्हणजे गरुडाच्या चारच ओळी वर तुझं पत्र आहे. ज्या लोकांसाठी हे वचन आहे त्यांचं मंदिर जळलं होतं, त्यांना धरून बाबेलला नेलं होतं, आणि 'पुढे काय' याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. उत्साही माणसांना सांगितलेलं हे वचनच नाही.

त्यातलं 'नवीन शक्ती संपादन करतील' हे वाक्य तर खास तुझ्यासाठी आहे. मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ होतो बदलणं. उत्पत्तीत योसेफाला तुरुंगातून फारोपुढे न्यायचं असतं तेव्हा तो दाढी करतो आणि कपडे बदलतो, तिथे हेच क्रियापद आहे. शक्ती बदलून घेणं. आपली संपलेली देऊन त्याची घेणं. तू नेहमी तुझ्याच टाकीतून आणखी थोडं काढता येतंय का ते बघतेस, आणि टाकी रिकामी आहे म्हणून स्वतःला दोष देतेस.

तुझ्या कामात याला शब्द आहे. पाळी संपली की तू पुढच्या सिस्टरला ओव्हर देतेस. खाट नंबर एक, ताप उतरला, सलाईन चालू. खाट नंबर चार, रात्री अस्वस्थ होता, लक्ष ठेव. सगळं सांगून झालं की किल्ल्या देतेस आणि निघतेस. वॉर्ड तुझ्याशिवाय चालतो. न देता निघालीस तर रात्रभर झोप लागत नाही.

रोज रात्री देवाला ओव्हर दे. पाच मिनिटं पुरतात. गुडघे दुखत असतील तर पलंगावर बसूनच. खाट नंबर एक, मुलगा, पुण्यात आहे, खोलीवर नीट जेवत नाही. खाट नंबर दोन, लेक, सासरी नवी आहे. खाट नंबर तीन, मिस्टर, रात्रीची गाडी चालवतात. आणि शेवटची खाट तुझी स्वतःची. तिथे जे असेल ते सांग, 'काहीच वाटत नाही' एवढंच असलं तरी. मग म्हण, प्रभू, आता तुझी ड्यूटी. स्तोत्र १२१ मध्ये लिहिलंय की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपही घेत नाही. रात्रपाळीला तोच आहे. तू दिवा मालव.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत म्हणतेस. पहाटे तीन वाजता वॉर्डात एखादा पेशंट नुसता कण्हतो. सिस्टर म्हणत नाही, बेल वाजवत नाही, काय दुखतंय ते सांगत नाही. तू उठतेस की नाही? बॅटरी घेऊन जातेस, कूस बदलून देतेस, उशी सारखी करतेस. त्याने नीट वाक्य केलं नाही म्हणून तू कधी खुर्चीवर बसून राहिली आहेस का? रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की प्रार्थना कशासाठी करावी हे आपल्याला ठाऊक नाही, पण आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. तुझं कण्हणं तिथपर्यंत पोचतं. शब्दच हवे असतील तर स्तोत्र ८८ वाच. त्याचा शेवट अंधारात होतो, शेवटाला आशेची ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते वाचून मला नेहमी बरं वाटतं.

पंडिता रमाबाईंचं एक सांगायचं राहिलं. तू म्हणतेस या वयात विश्वास परत कसा आणायचा. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. त्याआधी आईवडील आणि बहीण गेली होती, मग भाऊ, मग नवरा. पदरात छोटी मनोरमा. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवांसाठी रात्रंदिवस राबल्या. आणि पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! एवढी विदुषी, एवढी सेविका, आणि आतून भुकेली. त्या आठ वर्षांना त्यांनी ढोंग म्हटलं नाही. त्या वर्षांत त्यांनी आसरा दिलेल्या बायका खऱ्याच होत्या. पण आपण आतून भुकेल्या आहोत, हे त्यांनी मान्य केलं.

रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव निघालं की आपले लोक १९०५ सालची आध्यात्मिक जागृती सांगतात. मुली रात्ररात्र प्रार्थना करत होत्या, सगळीकडे त्याची बातमी गेली. ते सांगावंच. पण त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. हाडांचा सापळा झालेल्या पोरी. त्यांना आल्या आल्या काय मिळालं? जेवण, आंघोळ, कपडे, अंथरूण. जागृती नंतर आली. इथेही क्रम तोच.

'पुढे काय' हा तुझा शेवटचा प्रश्न. याचं उत्तर मी देणार नाही, कारण ते माझ्याकडे नाही आणि आज तुलाही ते ऐकू येणार नाही. एलीयाला ते होरेबावर मिळालं. वारा आला, भूकंप आला, अग्नी आला, आणि नंतर ती शांत, मंद वाणी. ती वाणी ऐकल्यावरही त्याने गाऱ्हाणं शब्दाशब्दाने तेच सांगितलं: मी एकटाच उरलो आहे. गंमत नाही ही. देवाच्या समोर उभं राहूनही माणसाचं दुखणं लगेच जात नाही. देवाने त्याला तीन साधी कामं दिली. हजाएलाला अभिषेक कर, येहूला अभिषेक कर, अलीशाला तुझ्या जागी नेम. आणि जाता जाता सांगितलं की सात हजार आणखी आहेत, तू एकटा नाहीस. अलीशा त्याला बैल हाकताना शेतात भेटला. म्हणजे पुढचं काम वाटेत होतं, झुडपाखाली बसून ते दिसणार नव्हतं. तुलाही दिसेल. तुझ्या वॉर्डात एखादी नवीन पोरगी आली असेल, पहिल्यांदा मृत्यू बघून बाथरूममध्ये जाऊन रडणारी. कदाचित ती. कदाचित दुसरं काही. आत्ता शोधत बसू नकोस.

आता या रविवारचं. मागच्या बाकावर बस. गाणं म्हणवलं नाही तर म्हणू नको, मंडळी तुझ्या वाटचं म्हणते आहे. त्यासाठीच तर आपण एकत्र जमतो. प्रभुभोजन असेल तर आज मला काय वाटतंय याची तपासणी करू नकोस. हात पुढे कर, भाकर घे, खा. 'हे तुमच्यासाठी दिलेलं माझं शरीर आहे' असं तो म्हणाला, आणि ज्यांना म्हणाला ते सगळे त्याच रात्री पळून जाणार होते, हे त्याला माहीत होतं. पुनरुत्थानानंतर त्यांच्यातलीच काही माणसं परत मासे धरायला गेली. रात्रभर जाळ्यात काही आलं नाही. पहाटे किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी आणि भाकर. प्रभूचे शब्द होते, 'या, न्याहारी करा.' पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं होतं, त्याचा विषय न्याहारी झाल्यावर निघाला.

आठवड्यातून एक संध्याकाळ कोणाकडे तरी जेवायला जा, किंवा कोणाला तरी तुझ्या घरी येऊन स्वयंपाक करू दे. मिस्टरांना सांग, त्यांना भाकरी येत नसेल तर खिचडी येईल. ते करत असताना तू ओट्याजवळ जाऊ नकोस. मीठ कमी पडलं तरी उठू नकोस.

नाताळच्या आधी मला परत पत्र लिही. बरं वाटतंय की नाही ते लिहिलं नाहीस तरी चालेल. भाकरी कोणी आणून दिली, तेवढं लिही.

तुझी मावशी